सत्कारानंतरचे दोन डाव

ती स्पर्धा आम्ही जिंकली. अंतिम सामन्यात श्रीलंकेवर एक-शून्य अशी मात केली. माईकवरून घोषणा झाली, हार पडले, बँड वाजला, कप आमच्या हातात आला, फोटो निघाले. सगळं रीतसर झालं.

तसं काही झालेलं नाही.

तर, सातव्या डावाचा शेवटचा चेंडू दिगंबरनं टाकला आणि तो माझ्या ग्लोव्हमध्ये असा आदळला की मागच्या झाडावरचे कावळे उडाले. समोरचा बॅटर बॅट हातात धरून तसाच उभा राहिला. आपल्याला नक्की काय विचारलं होतं तेच त्याला कळलेलं नव्हतं.

बेसबॉल ज्यांनी पाहिलेला नाही, म्हणजे त्या दिवशी मैदानावर आलेले सगळे प्रेक्षक, त्यांच्यासाठी सांगतो. पिचर मधल्या उंचवट्यावरून चेंडू फेकतो. बॅटर तो मारायला बघतो. मारला की तीन बेस, म्हणजे तीन टप्पे, पळत पार करून तो घरी परततो, तो एक रन. मारता आला नाही की तो चेंडू बॅटरच्या मागं उकिडव्या बसलेल्या माणसाला खावा लागतो. तो माणूस म्हणजे कॅचर. तो मी.

"हात दाखव," दिगंबर जवळ येऊन म्हणाला.

प्रत्येक डावानंतर तो हे करायचा. मी ग्लोव्ह काढला. डावा तळवा लाल, मध्ये निळसर. त्यानं बोट दाबून बघितलं, बाजारात आंबा बघतात तसं.

"पिकलाय," तो समाधानानं म्हणाला.

"आता पेटीत भरून पाठव," मी म्हणालो.

दिगंबर ढाकणे पाथर्डीकडचा. पेपरवाल्यांनी लिहिलं होतं की लहानपणी गोफण फिरवून त्याचा हात तयार झाला. त्यानं आयुष्यात गोफण फिरवलेली नाही. त्याचा हात शाळेतल्या पीटीच्या सरांनी तयार केला. पण पेपरला काय सांगायचं, म्हणून तो गप्प बसला. गप्प बसणं हा त्याचा स्वभाव होता. एरवी तो एका पोल्ट्रीवर अंड्यांचे ट्रे उचलायचा आणि त्या अंड्यांपेक्षाही हळू बोलायचा. आंतरराष्ट्रीय सुवर्णपदक असेल तर थेट सरकारी नेमणूक, रौप्य असेल तर शाबासकी, असं आम्हाला सांगण्यात आलं होतं. शाबासकी दिगंबरकडं भरपूर जमली होती. नेमणुकीच्या वयाची मर्यादा त्याला त्याच मार्चमध्ये लागणार होती. म्हणजे हा सामना, नाहीतर जन्मभर ट्रे.

आणि सात डाव झाले तरी श्रीलंकेच्या एकाही माणसाला त्याचा चेंडू नीट मारता आलेला नव्हता. आमचा एक रन झाला होता. दोन डाव राहिले होते. टॉस त्यांनी जिंकून शेवटी बॅटिंग घेतली होती, तेवढीच काय ती त्यांची त्या दिवसातली कमाई.

तेवढ्यात मैदानात लाल गालिचा आला.

स्पर्धा कासारगावला होती, साखर कारखान्याच्या मैदानावर. आशियातले सहा देश आले होते. सात येणार होते, पण एका देशाला कासारगाव नकाशावर सापडलं नाही. मैदान कारखान्याचं, कारखाना आबासाहेबांचा आणि आबासाहेब आमचे प्रमुख पाहुणे. त्यांना गोरज मुहूर्तावर एका लग्नाला जायचं होतं. त्यामुळं समारोप, सत्कार आणि बक्षीस समारंभ सामना संपण्याआधी उरकून घ्यायचं ठरलं होतं. कुणी ठरवलं ते शेवटपर्यंत कळलं नाही. असं ठरतं.

अंपायर ओकुडा नावाचे एक जपानी गृहस्थ होते. गालिचा बघून त्यांनी दोन्ही हात वर करून सगळ्यांना थांबायला सांगितलं. हात वर झालेले बघून एका कार्यकर्त्यानं सोयीनं त्यांच्या गळ्यात हार घातला.

मी आमच्या प्रशिक्षकांकडं, बोधे सरांकडं धावत गेलो.

"सर, अजून दोन डाव आहेत."

"माहिताय मला."

"मग त्यांना सांगा ना."

"सांगितलं की."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, तुमचं चालू द्या, आमची काही हरकत नाही."

"आणि हे?" मी गालिच्याकडं बोट दाखवलं.

"हे पण चालू राहील म्हणाले."

मैदान सपाट करायला त्यांनी कारखान्याचा रोलर फिरवला होता, त्यामुळं त्या अख्ख्या परिसरात उंच जागा एकच उरली होती. पिचरचा उंचवटा. साहजिकच व्यासपीठ तिथंच झालं. चार खांबांचा मंडप उचलून आणला, खुर्च्या मांडल्या, माईक उभा केला. आता पिचर सात डाव टाकतो तेव्हा पुढचा पाय जिथं पडतो तिथं मातीत एक खड्डा तयार होतो. दिगंबरचा खड्डा दिगंबरच्या पायाच्या मापाचा होता. डोळे मिटून टाकला असता तरी पाय त्यातच पडला असता. पाहुण्यांचा पाय मुरगळू नये म्हणून चार पोरांनी त्यात मुरूम भरला, पाणी मारलं आणि धुम्मसानं चोपून काढला.

दिगंबर ते बघत होता.

"चांगलं काम केलंय पोरांनी," तो म्हणाला.

त्याला टोमणा मारता येत नाही. तो खरंच तसं म्हणत होता.

जानेवारीचे दिवस. ऊन उतरलं की कासारगावला नदीकडून असं वारं सुटतं की घामाची बनियन पाठीला थंड पोटिसासारखी चिकटते. आणि पिचरचा खांदा म्हणजे लोखंड. तापलाय तोवर वाकतो. आम्हाला जाकिटं मिळणार होती, पण ती उद्घाटनाला वाटायची राहिली, म्हणून समारोपाला वाटणार होते, आणि समारोपात आता वेळेअभावी तो कार्यक्रम रद्द झाला होता.

"चल, मंडपामागं जाऊन चार चेंडू टाक," मी म्हणालो.

"चेंडू ओकुडांकडं आहेत."

मंडपामागं सत्काराचे नारळ पोत्यात भरून ठेवले होते. मी एक काढून त्याच्या हातात दिला. त्यानं तो देवाचा असल्यासारखा धरला.

"नको रे. श्रीफळ आहे ते."

"दिगंबर, खांदा."

त्यानं नारळाला नमस्कार केला आणि टाकला. तेवढा एकच. तो माझ्या ग्लोव्हमध्ये येऊन फुटला आणि पाणी कोपरापर्यंत आलं. एक कार्यकर्ता धावत आला.

"ओ खेळाडू, काय करताय? ते मोजके आहेत. फोडायचे नाहीत, परत जायचेत दुकानात."

आम्हाला दंडाला धरून खुर्च्यांवर नेऊन बसवण्यात आलं. निवेदन प्राध्यापक टेंबरे करत होते. त्यांनी माईकवरून बजावलं, की सत्कारमूर्तींनी जागा सोडू नये, अन्यथा क्रम चुकेल. क्रमात आधी पाहुणा संघ होता, मग आमचा, आणि सगळ्यात शेवटी, कार्यक्रमाचा कळस म्हणून, दिगंबर.

आता सत्काराच्या शालीचं एक असतं. ती अंगावर पडते, फोटो निघतो, आणि आपण ती लगेच काढून घडी करून बाजूला ठेवतो. शाल पांघरून बसलेला माणूस एकतर आजारी असतो किंवा त्याचा पहिल्यांदाच सत्कार झालेला असतो. शिवाय इथं शाली कमी होत्या. घडी झालेली शाल मागच्या बाजूनं परत तबकात जायची. माझ्या अंगावर पडलेली शाल थोड्या वेळानं आमच्या शॉर्टस्टॉपच्या अंगावर बघून मी ओळख दाखवली.

हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. श्रीलंकेचा पिचर होता रुविंदु, त्याला माहीत नव्हतं. त्याच्या अंगावर शाल पडली, त्यानं हात लावून बघितली, चेहरा उजळला, आणि त्यानं ती उजव्या खांद्यापासून मनगटापर्यंत गुंडाळून घेतली. कार्यकर्ता परत न्यायला आला आणि शालीचं टोक हळूच ओढू लागला. रुविंदुला वाटलं तो नीट बांधून देतोय. त्यानं दोनदा थँक यू म्हणून दुसरं टोक काखेत आवळलं. मग त्याच्या कॅप्टननंही आपली शाल त्याला दिली.

मी माझ्या शेजारच्या खुर्चीवरची शाल उचलून दिगंबरच्या खांद्यावर टाकली. त्यानं ती तेवढ्याच हळुवारपणे काढून ठेवली.

"माझा सत्कार व्हायचाय अजून."

"मग?"

"सत्काराआधीच शाल घेऊन बसू? बरं दिसतं का ते?"

"तिकडं बघ. त्यानं दोन घेतल्यात."

"ते पाहुणे आहेत," दिगंबर म्हणाला.

मी त्याचा खांदा चोळायला लागलो. फोटोग्राफर म्हणाला, जरा हात काढा, मैत्री नंतर करा.

मग आबासाहेब बोलायला उठले. दिगंबरच्या खड्ड्यावर ते दोन्ही पाय रोवून ऐटीत उभे राहिले. जमीन चांगलीच पक्की झाली होती.

"या ठिकाणी आपल्या संघानं जो देदीप्यमान विजय मिळवला—"

टेंबरे कानाशी लागले. माईक चालूच होता, त्यामुळं पुढचं सगळ्या कासारगावनं ऐकलं.

"आबासाहेब, सामना चालूय अजून."

"किती राहिलाय?"

"दोन डाव."

"पुढं कोण आहे?"

"आपण."

"मग झालं की."

आबासाहेबांनी माईक जवळ ओढला. "उरलेले दोन डावसुद्धा आपलेच आहेत, असं मी या ठिकाणी जाहीर करतो." टाळ्या पडल्या. "आणि या ढाकणेला नोकरी लागली, असं त्याच्या घरच्यांनी आजपासून समजावं."

दिगंबर उठला. शाल पडली, श्रीफळ आलं, फोटो निघाला. बोधे सरांच्या हातात कप देण्यात आला. दिगंबरनं खाली येऊन शालीची नीट घडी केली, कडा जुळवल्या आणि कार्यकर्त्याच्या हातात दिली.

माझ्या बॅगेत त्याचा फोन वाजत होता. त्याचा मेहुणा गर्दीत होता. तो सगळा समारंभ फोनवरून थेट गावाला दाखवत होता. दिगंबरनं फोन घेतला, बायकोचं ऐकलं, 'हं' म्हणाला आणि ठेवला.

"काय झालं?"

"गावात फटाके वाजवले." कुणी गेल्याची बातमी सांगावी तसं त्यानं सांगितलं. "सुनंदानं पेढे वाटले. पोल्ट्रीवर सुद्धा वाटले. मालक म्हणाले, उद्यापासून येऊ नको, दुसरा माणूस बघतो."

"आणि खांदा?"

त्यानं हात वर नेला. कानाच्या वर गेला नाही.

"मगदूम," तो म्हणाला, "आबासाहेबांनी जाहीर केलंय ना पण?"

"केलंय."

"मग आता खेळायचं कशाला?"

"ओकुडांना कुणी कळवलेलं नाही."

आबासाहेबांचा ताफा लग्नाला गेला. त्या लग्नाचा मंडपही याच मंडपवाल्याचा होता, म्हणून तो पण त्यांच्या मागं गेला. त्यामुळं मंडप कुणी सोडायचा हा प्रश्न उभा राहिला. शेवटी आम्ही दोन्ही संघांनी मिळून तो चार खांबांसकट उचलला आणि मैदानाच्या टोकाला, डाव्या अंगाला नेऊन ठेवला. चेंडू मंडपात गेला तर दोन बेस, असं ओकुडांनी दोन्ही कॅप्टनना सांगितलं. उजेड कमी होत होता, म्हणून त्यांनी दिगंबरला सरावाचे मोजकेच चेंडू दिले.

त्याआधी त्यांनी बोधे सरांना बोलावून नियमांचं पुस्तक उघडलं. खेळ थांबल्याचं कारण लिहावं लागतं. त्यात कारणं दिली होती: पाऊस, अंधार, प्रेक्षकांचा गोंधळ, मैदानात शिरलेले प्राणी. सत्कार नव्हता. ओकुडांनी गळ्यातला हार सावरत बोधे सरांकडं बघितलं.

"प्राणी लिहू नका," बोधे सर घाईनं म्हणाले. "आबासाहेबांच्या कानावर जाईल."

ओकुडांनी वर निरभ्र आकाशाकडं बघितलं आणि 'पाऊस' लिहिलं.

आठव्या डावात आधी आमची बॅटिंग होती. रुविंदुनं दोन्ही शाली सोडल्या. त्याच्या दंडातून अक्षरशः वाफ निघत होती. आमचे तिघं गेले आणि तिघं आले.

मग दिगंबर. उंचवट्यावर झेंडूच्या पाकळ्या चिकटल्या होत्या, त्या त्यानं बुटानं बाजूला केल्या. पाय रोवला, पाय सरकला. ओला मुरूम. परत रोवला. मी नेहमीसारखा दात आवळून ग्लोव्ह पुढं केला.

चेंडू आला. आवाज झाला नाही.

मी पळत त्याच्याकडं गेलो.

"लागतोय का हाताला?" त्यानं विचारलं.

"लागतोय की," मी म्हणालो.

त्यानं माझ्याकडं बघितलं. आम्ही सात वर्षं एकत्र खेळत होतो.

तो आठवा डाव त्यानं कसा काढला ते मला अजून माहीत नाही. वेग नव्हता, मग तो कोपऱ्याकोपऱ्यात टाकत राहिला, ट्रे ठेवतात तसा, न फोडता. त्यांचे दोन गडी न मारता, फुकटात बेसवर आले आणि तिथंच राहिले. नवव्यात आम्ही परत रिकाम्या हातानं परतलो. मग त्यांचा शेवटचा डाव. पहिला गेला. दुसरा गेला. तिसऱ्याला चार वाईट चेंडू पडले, तो फुकट बेसवर. चौथ्यानं मारला, हळूच, पण मारला. त्या दिवसातला तो पहिला. त्या दोघांनी मग एक-एक बेस चोरला, म्हणजे चेंडू मारायची वाट न बघता पुढं पळाले, कारण दिगंबरला मागं वळून फेकता येत नव्हतं आणि हे आता प्रेक्षकांनाही कळायला लागलं होतं. एक गडी बाद करायचा होता. एकच. पेढे वाटून झाले होते.

मी चेंडू खाली मागितला. दिगंबरनं मान हलवली, हात मागं नेला. पुढचा पाय खड्डा शोधत खाली आला आणि खड्डा तिथं नव्हता.

बॅटरनं तो उंच मारला. फार लांब नाही. आमचा डावीकडचा पोरगा, परब, आरामात त्याच्याखाली गेला. रोज असले पन्नास झेल घेणारा पोरगा. तो मागं गेला, अजून मागं गेला, आणि मंडपात शिरला. चेंडू मंडपाच्या कापडावर पडला आणि मधल्या झोळात जाऊन बसला.

परब खाली दोन्ही हात पसरून उभा होता. चेंडू त्याच्या डोक्याच्या वर हातभर, कापडाच्या पलीकडं, गोल दिसत होता. त्यानं खांब हलवला. चेंडूही हलला, पण आला नाही. ओकुडांनी दोन बोटं वर केली. दोन बेस. श्रीलंकेचे दोन्ही गडी चालत घरी आले.

दोन-एक.

शेवटचा चेंडू पडला की वाजवायचं, एवढंच बँडवाल्यांना सांगितलेलं होतं. त्यांनी वाजवलं. श्रीलंकेची पोरं त्यावर नाचली. छान नाचली.

मग त्यांचा कॅप्टन इकडंतिकडं बघायला लागला. कप आमच्या बॅगेत होता. टेंबरे माईकची वायर गुंडाळत होते. त्यांच्या कागदावर पुढं फक्त राष्ट्रगीत होतं. बोधे सरांनी कप काढला, रुमालानं पुसला आणि माझ्याकडं दिला.

"तू नेऊन दे."

"मी?"

"तुझं इंग्रजी चांगलंय."

माझं इंग्रजी 'सॉरी' आणि 'थँक यू' एवढं होतं. कोणता कुठं वापरायचा ते ठरवेपर्यंत मी त्यांच्यापाशी पोचलो. रुविंदुनं कप घेतला. देवाणघेवाण असावी असं त्याला वाटलं. त्यानं एक शाल उचलली, नीट घडी केली, कडा जुळवल्या, अगदी आपल्यासारख्या, आणि माझ्या हातात दिली.

ती अजून गरम होती.

दिगंबर उंचवट्याच्या कडेला बसून बुटाच्या टाचेनं मुरूम उकरत होता. मी शाल त्याच्या खांद्यावर टाकली. या वेळी त्यानं काढली नाही.

"हात दाखव," तो म्हणाला.

"राहू दे."

"दाखव."

मी ग्लोव्ह काढला. तळवा नेहमीच्या रंगाचा होता, हापिसातल्या माणसाच्या तळव्यासारखा. त्यानं बोट दाबून बघितलं. मग दुसऱ्या जागी दाबून बघितलं.

"कच्चा," तो म्हणाला.

फोन परत वाजला. त्यानं शालीतून हात काढून घेतला. पलीकडं बराच गलका होता, म्हणून त्याला जरा मोठ्यानं बोलावं लागलं. मी त्याला मोठ्यानं बोलताना पहिल्यांदाच ऐकलं.

"नाही गं," तो सांगत होता. "तसं काही झालेलं नाही."

पेपरला बातमी त्या दुपारीच दिलेली होती, त्यामुळं दुसऱ्या दिवशी आम्ही जिंकल्याचं छापून आलं. पाथर्डीच्या चौकात अभिनंदनाचा फ्लेक्स लागला आणि उन्हानं दिगंबरचा चेहरा उडून जाईपर्यंत तो तिथंच होता. तो रोज त्याच्याखालून सायकलनं जायचा. पोल्ट्रीवर दुसरा माणूस लागला होता. दिगंबर आता वीटभट्टीवर जातो. आम्ही संघटनेकडं दाद मागितली. पाऊस ही नैसर्गिक आपत्ती असून तिला समिती जबाबदार नाही, असं उत्तर आलं.

तेव्हापासून मी दर जानेवारीत अर्ज करतो. यंदाचा पुढीलप्रमाणे.

मा. अध्यक्ष, स्पर्धा समिती, यांच्या सेवेशी. विषय: आठवा डाव. महोदय, विनंती अर्ज करतो की, सामन्याच्या दिवशी कासारगाव येथे पाऊस पडलेला नव्हता, याची नोंद घेण्यात यावी. उंचवट्यावर भरलेला मुरूम काढून सदर ठिकाणचा खड्डा मूळ मापाचा करून मिळावा. मंडप संबंधितांनी घेऊन जावा. श्री. दिगंबर ढाकणे यांचा उजवा खांदा सातव्या डावाअखेर ज्या स्थितीत व ज्या तापमानास होता, त्या स्थितीत व त्या तापमानास त्यांना परत करण्यात यावा, आणि खेळ तेथून पुढे चालू करावा.

कॅचर उपलब्ध आहे.